कुंडलिकमामा किलबिलीत कसे गेले याचा तपास

भोर,
गुरुवार, १२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप कुंडलिकमामा यांच्या चरणी (चरण सध्या पासलीच्या ओट्यावर असणार आणि रागाने हलत असणार, तेव्हा जरा लांबूनच) भाचा सुयश याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तसं लिहिलं तर तुम्हाला आणखी राग येईल, म्हणून खरं ते लिहितो. आईचं लक्ष कशात नाही. बाबांनी चार दिवसांत कोणाची एकही चूक काढलेली नाही, आणि आमच्या घरात हे प्रकृती बिघडल्याचं लक्षण धरतात. शुभ्राचं लग्न दहा दिवसांवर आलं तरी बस्त्याच्या पिशव्या तशाच बांधलेल्या आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? बाळाबाई मामींचा खोकला गेला का? तांबडी गाय व्याली का? तुम्ही मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवल्याचं समजलं, म्हणून हे पत्र कागदावर, हाताने लिहून तुमच्या भावकीतल्या माऊलीदादांच्या मोटरसायकलवरून पाठवत आहे. ते त्यांनी ओट्यावर मोठ्याने वाचावं, म्हणजे मामींना आणि शेजाऱ्यांना एकदमच ऐकू जाईल. शेवटची घडी मात्र डिंकाने चिकटवलेली असेल. ती माऊलीदादांनी फोडू नये. ती तुम्ही एकट्याने, चष्मा लावून वाचावी.

झालं ते सगळ्या पासलीला ठाऊक आहे, पण हकीकत पहिल्यापासून लिहिलेली बरी, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको. शुभ्राची पत्रिका चार शहाण्या माणसांसारखी छापखान्यात जाऊन लिहून द्यायची सोडून मी (कॉम्प्युटरमध्ये नोकरी करतो ना) तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. चारशे बारा नातेवाईकांची नावं, गाव, नातं आणि जन्मतारीख त्यात भरायची, आणि मग कोण निमंत्रक, कोण व्यवस्थापक, कोण आपले नम्र, हे त्याने आपलं आपण लावायचं. बारा वर्षांच्या आतली पोरं त्याने पत्रिकेच्या तळाशी 'किलबिल' या मथळ्याखाली टाकायची, जिथे ती 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणतात. बाबांचं म्हणणं होतं की हे काम त्यांनी एका फुलस्केपवर अर्ध्या तासात केलं असतं. आता मलाही ते पटलं आहे.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आणि दुसरी देवळातच सगळ्यांसमक्ष वाचायची ही तुमच्या गावची रीत. माऊलीदादांनी खणखणीत आवाजात वाचायला घेतली आणि तुम्ही टोपी सरळ करून खांबाला टेकून बसलात. निमंत्रक संपले, तुमचं नाव नाही. तुम्ही शेजारच्याला म्हणालात म्हणे, की मामाचं नाव येगळं आसतंय, ठळक, ते फुडं येईल. व्यवस्थापक संपले, आपले नम्र संपले, तुम्ही टोपी पुन्हा एकदा सरळ केलीत. आणि मग अगदी तळाशी, चि. पप्पू आणि कु. शेफाली या आपल्याच दोन नातवंडांच्या मध्ये उभे राहून चि. कुंडलिक (पासली) यायचं हं म्हणत होते. (पोरांच्या नावाआधीचं 'श्री.' काढून तिथे 'चि.' घालणं हा प्रोग्रॅमचाच एक भाग आहे. तेवढा भाग बिनचूक चालला.) देवळातली माणसं किती वेळ हसली ते माऊलीदादांनी मला मिनिटांत सांगितलं आहे, ते इथे लिहीत नाही.

सदुसष्ट वर्षांचा माणूस, तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, आणि त्याला भरल्या देवळात किलबिलीत बसवलं, तर राग येणारच. तुम्ही तिथल्या तिथे ऐकवलंत की हे कोणी केलं ते समजल्याबिगर म्या मांडवात पाय ठेवणार न्हाई, आणि तुमचा संशय आमच्या बाबांवर, म्हणजे तुमच्या दाजींवर आहे. संशय अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या साठीला त्यांनी तुम्हाला सायकलची घंटा आहेर केली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मामा, बाकी सगळं राहू द्या. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो आणि शुभ्राला मामा एकच आहे. अक्षतांसाठी तुम्ही घरच्या इंद्रायणीचं पोतं पाठवलंत, ते स्वयंपाकघरात उभं आहे. आई त्याची सुतळी कोणाला सोडू देत नाही. दादा आल्यावर सोडू, म्हणते, आणि येता-जाता पोत्याकडे बघून डोळे पुसते. मला हे बघवत नाही, आणि हे वाक्य मी चेष्टेत लिहिलेलं नाही.

छापण्याआधी कोणी वाचली नाही का, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनी वाचली. म्हणजे प्रत्येकाने आपापलं नाव वाचलं, ते बरोबर आहे असं बघितलं आणि कागद पुढच्याला दिला. तुम्हाला मोबाईलवर पाठवली होती, पण पासलीत रेंज फक्त टाकीजवळच्या चढावर येते आणि तुमचा गुडघा हा असा.

तर तपास. माझ्या धंद्यात गिट नावाचं एक अवजार असतं. प्रोग्रॅममध्ये केलेला प्रत्येक बदल ते तारीख, वेळ आणि करणाऱ्याच्या नावासकट नोंदवून ठेवतं. (बाबा त्याला फेरफाराची वही म्हणतात. तालुक्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.) पत्रिकेच्या पायी अशा शहाण्णव नोंदी झाल्या होत्या, कारण दिवसातून दोन-तीनदा कोणाच्या तरी नावामागे काहीतरी राहिलेलं असायचं. आता शहाण्णव नोंदींपैकी कोणत्या नोंदीने तुम्हाला वरून खाली ढकललं ते काढायचं, तर या अवजारात बायसेक्ट नावाची एक सोय आहे. तुमच्याकडे झऱ्याच्या पाइपात पाला अडकला की गेनूदादा सगळा पाइप उकरत बसत नाहीत. मधला जोड सोडतात, पाणी आलं तर खोळंबा खाली, नाही आलं तर वर, आणि मग उरलेल्या निम्म्याचा मधला जोड. हे अवजार तेच करतं. मधली नोंद काढून समोर ठेवतं, आपण पत्रिका बघायची आणि बरी की बिघडलेली ते सांगायचं. सात प्रश्नांत चोर हातात. गेल्या रविवारी तुमचे साक्षीदार म्हणून माऊलीदादा आमच्याकडे आले ते हा तपास डोळ्यांनी बघायलाच.

पहिला चहा झाला आणि मी शोध सुरू केला. हे अवजार परमुलखातलं, त्याला दोनच शब्द ठाऊक, गुड आणि बॅड. ज्या पत्रिकेत तुम्ही किलबिलीत होता ती समोर होती, म्हणून मी बॅड असं टाइप केलं. माऊलीदादांनी कप खाली ठेवला. (बारावीला इंग्रजीत पास झालेले ते वाडीतले पहिले.) आमच्या वडीलधाऱ्या मान्साचं नाव समूर दिसतंय आन् तू त्याला ब्याड म्हणतोस व्हय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी म्हणालो, मामांना नाही, त्या नोंदीला. ते म्हणाले, नोंदीत कोण हाय? आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिनेही सांगितलं की माझ्या दादाला हे मशीन माझ्या घरात वाईट म्हणणार असेल तर ते बंद कर. मी माहितीपत्रक उघडलं, आणि मामा, ज्याने हे अवजार केलं त्याच्याही घरात रुसणारं माणूस असावं. कारण त्यात स्पष्ट लिहिलं आहे की शोधायची गोष्ट दरवेळी वाईटच असते असं नाही, तेव्हा शोध सुरू करतानाच जुन्या स्थितीला एक आणि नव्या स्थितीला एक, असे आपल्या मनाचे शब्द द्यावेत.

हे मी मोठ्याने वाचलं ही माझी दुसरी चूक. पुढचा दीड तास दोन शब्द ठरवण्यात गेला. शुभ्राच्या साखरपुड्याची तारीखसुद्धा याहून लवकर ठरली होती. बाबांनी 'ज्येष्ठ मानकरी' सुचवला, पण दोन शब्दांमध्ये मोकळी जागा त्या अवजाराला चालत नाही. शुभ्राने 'टोपी' आणि 'टोपडं' सुचवलं. त्यावर पहिल्यांदा हसले ते माऊलीदादा (माऊलीदादा, हे वाक्य गाळायचं नाही). मग त्यांनी स्वतः सुचवलं की दोन्हीकडं 'मामा'च घाल, कुठंबी गेला तरी मामा तो मामाच. ते मी त्यांचं मन राखायला घालून बघितलं, पण अवजार म्हणालं की दोन शब्द वेगळे हवेत. अखेर आईने निकाल दिला. जिथे तुम्ही वर आहात त्या पत्रिकेला 'मानाचा' म्हणायचं आणि जिथे खाली आहात तिला 'किलबिल'. मी नव्याने शोध सुरू केला, सवयीने पुन्हा गुड लिहिलं, आणि अवजाराने मला सुनावलं की आपण सध्या 'मानाचा-किलबिल' शोधात आहात, इथे तो शब्द चालणार नाही. माऊलीदादांचं मन तिथे भरलं. यंत्राला कळतंय, मान्सास्नी कळंना, असं म्हणून त्यांनी दुसरा चहा मागितला.

कामाची वाटणी अशी ठरली की आईने पत्रिका बघून मोठ्याने शब्द सांगायचा, मी तो लिहायचा आणि माऊलीदादांनी साक्ष ठेवायची. पहिला प्रश्न, आई म्हणाली किलबिल. दुसऱ्यालाही किलबिल. तिसऱ्या प्रश्नाला तिने तोंड उघडलं आणि माऊलीदादांचा मोबाईल वाजला. टाकीजवळच्या चढावर तुम्ही स्वतः, गुडघा धरून, व्हिडिओ कॉलवर. माऊलीदादांनी मोबाईल आईपुढे धरला आणि तुम्ही विचारलंत, सुले, काय दिसतंय? समोर पत्रिकेत तुम्ही पप्पू आणि शेफालीच्या मध्ये स्वच्छ दिसत होता. पण चार महिन्यांनी दादाचं तोंड दिसलेली बहीण दादाला तोंडावर काय सांगणार? ती म्हणाली, मानाचाच हायेस की रं दादा. मी अवजारात 'मानाचा' लिहिलं. (मी पाठमोरा होतो. तपास करणाऱ्याने साक्षीदाराकडे बघू नये असं माझं मत होतं, ते आता राहिलेलं नाही.) तेवढ्यात तुमची रेंज गेली, आणि रेंज गेल्यावर आईने पुढच्या प्रश्नांची उत्तरं अगदी खरी दिली.

आता यात काय झालं ते ऐका. गेनूदादांना मधल्या जोडाशी कोणी खोटंच सांगितलं की इथवर पाणी येतंय, तर ते वरचा सगळा पाइप सोडून खालीच शोधत बसतील आणि पहिला जो जोड लागेल त्यालाच धरतील. अवजाराने तेच केलं. आई ज्या नोंदीला खोटं बोलली तिच्या लगेच पुढची नोंद त्याने धरली, आणि दुर्दैव असं की शहाण्णवातली ती एकच नोंद बाबांच्या नावावर होती. तीन जानेवारी, नारायण, उजव्या सोंडेचा गणपती काढून डाव्या सोंडेचा घातला. (उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं फार कडक असतं, पत्रिका कुठेही पडते, म्हणून ते स्वतः माझ्या लॅपटॉपवर बसून त्यांनी केलं होतं.) गणपतीची सोंड इकडून तिकडे नेली म्हणून माणूस सदुसष्टचा सात वर्षांचा होतो, हे मलासुद्धा पटेना. पण माऊलीदादांनी ऐकलं नाही. सोंड फिरली तवाच मामा फिरलं, असा निकाल घेऊन त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि संध्याकाळच्या आत तो पासलीत वाचून दाखवला. मी केलेलं नाही, एवढंच बाबा एकदा म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या घरात कोणाची चूक निघालेली नाही.

मंगळवारी मेथी निवडता निवडता आईने कबूल केलं. म्हणाली, सगळ्यांपुढे दादाला लहान पोरांत बसलायस म्हणून कसं सांगू रे. काल सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शुभ्रा आणि मी दोघांनीच पुन्हा शोध घेतला. या वेळी शब्द घेतले 'आधी' आणि 'नंतर'. या शब्दांना ना मान आहे ना पान, आणि ते कोणाच्या तोंडावर बोलायला जड जात नाहीत. सात प्रश्न, सात मिनिटं. नोंद निघाली चौदा डिसेंबर, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, आणि करणाऱ्याचं नाव सुयश. वर्षाचा आकडा वाचायच्या जागी मी एक फेरफार केला होता, त्याने तुमचं वय चुकलं. बाबांचा, गणपतीचा आणि त्याच्या सोंडेचा यात काडीचा संबंध नाही. माऊलीदादांनी हे वाक्य दोनदा वाचावं, आणि दुसऱ्या वेळी देवळाच्या दिशेला तोंड करून.

तेव्हा मामा, चोर सापडला आहे आणि तो मी आहे. तुमची अट पुरी झाली. नव्या पत्रिका छापून आल्या आहेत. त्यात तुम्ही निमंत्रकांत पहिल्या ओळीत, श्री. लावून, ठळक अक्षरांत आहात (ते अक्षर आईने मोजपट्टीने मोजलं). तुम्ही आल्यावर माझा कान धरावा, तो मी मांडवात सर्वांसमक्ष पुढे करीन. मामींना नमस्कार, पप्पू-शेफालीला आशीर्वाद. अधिकउणं लिहिलं असलं तर लहान म्हणून पोटात घालावं.

आपला आज्ञाधारक भाचा (हल्लीचा),
सुयश

(माऊलीदादा, इथपर्यंतच. आता पत्र मामांच्या हातात द्या आणि लांब जाऊन बसा.)

ता. क. मामा, आता आपण दोघेच आहोत. प्रत्येक नोंदीसोबत मी कारणाची एक ओळ लिहून ठेवतो. चौदा डिसेंबरच्या ओळीत काय लिहिलं आहे ते तुम्हाला जसंच्या तसं देतो: 'पासली, मामांचा ओटा. मामा म्हणाले, एकोणीसशे काढ, नुसतं अठ्ठावन पुरे.' आठवलं का? शाळामास्तरांनी साऱ्या वाडीला दिलेली एक जून ही तारीख तुम्ही सांगितलीत, मी पुढे एकोणीसशे अठ्ठावन्न लिहिलं, आणि तुम्ही शेंगा सोलता सोलता म्हणालात की एकोनीसशे वाचलं की मानूस इतिहासातला वाटतो, नवरदेवाकडची मंडळी काय म्हनतील. तुमच्या शब्दाखातर मी प्रोग्रॅमला दोनच आकडी वर्षसुद्धा घ्यायला शिकवलं (बाकी सगळ्यांची चार आकडीच राहिली). त्या बिचाऱ्याने अठ्ठावन्न म्हणजे दोन हजार अठ्ठावन्न धरलं. तेव्हा हिशेबाने तुम्ही अजून बत्तीस वर्षांनी जन्माला यायचे आहात, आणि तरीही त्याने तुम्हाला पत्रिकेत जागा दिली, हे त्याचं मोठेपण.

ता. क. दुसरा. ही ओळ मी बाबांना दाखवलेली नाही. माऊलीदादांनाही नाही. पण तिची एक प्रत काढून माझ्या पाकिटात ठेवली आहे, आणि माऊलीदादांचा आवाज किती खणखणीत आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. माझी मागणी मोठी नाही. हळदीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारच्या सकाळच्या एसटीने वेल्हे, तिथून नसरापूर आणि कापूरहोळ करत भोरला यावं, आणि दारात पाय धुवायच्या आधी बाबांना एवढंच म्हणावं, दाजी, माझं चुकलं. ते नीट जेवत नाहीत, मामा. चेष्टा करणाऱ्या माणसावर आळ आला की तो दुप्पट लागतो.

ता. क. तिसरा, शुभ्राच्या हातचा. मामा, सुयश डिंक शोधायला गेला आहे तोवर लिहिते. त्याच्या धमकीला भिऊ नका. बाबांना सगळं ठाऊक आहे. काल आमचा शोध चालला होता तेव्हा ते दाराशी उभे होते आणि सुयशचं लक्ष पडद्यावर असताना पुढे येऊन तुमची ओळ त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, कुंडलिकरावांना हे मला कळलंय असं कळू देऊ नकोस. सोंड मी फिरवली हे तर खरंच आहे, ते माझ्याच नावावर राहू दे, माणूस येऊ दे. तेव्हा तुम्ही दारात काही म्हणू नका, माफीही मागू नका, नुसते या. मुहूर्त रविवारी दुपारी बारा पस्तीसचा आहे. मी अंतरपाटाकडे तोंड करून उभी राहीन आणि मागे वळून बघणार नाही. खांद्यावर तुमचा हात आल्याशिवाय गुरुजींना तोंड उघडू देणार नाही, आणि त्यामुळे चारशे बारा माणसांची जेवणं खोळंबली, तर ती चूक कोणाची हे शोधायला त्या अवजाराची गरज पडणार नाही.